डिस्क आताच बदल

संस्कृती पोरी,

देवाची शप्पथ, माह्या चष्म्याची शप्पथ, या चिठ्ठीतला शबद अन् शबद खरा हाय.

काल तुह्या गेमच्या फायनलमंदी कम्प्युटर अटकला अन् तुही टीम हारली, ते माह्यामुळं. तू सालभर विचारत होती, "आजी, हार्ड डिस्क म्हातारी झाली, बदलू काय?" मी म्हणलं, थांब. रिसोडच्या एका मेकॅनिकनं मले सांगतलं होतं, अजून दोन वर्स चालते. त्याची मिशी एवढी लांब का कम्प्युटरच्या पंख्यात गुतली अन् बिचारा तिथंच गरगर फिरला.

आता थांबू नको. कालेजाचा अभ्यास आधी पेनड्राईववर काढून घे अन् आजच वाशिमले जाऊन डिस्क बदल. मी बहिणीकडं अनसिंगले चाल्ली. तुह्या रडक्या तोंडाकडं पाहाची हिंमत नाई झाली. भाकर टोपल्यात हाय.

एक गोष्ट मातर बनवलेली हाय. तो मेकॅनिक नव्हताच, मिशीबी नव्हती. गेम लोड होतपर्यंत पाच मिनिटं तू खुर्ची माह्याकडं फिरवून माह्या गप्पा आयकत होती. नवी डिस्क आली का गेम झटक्यात लोड होईन अन् ते पाच मिनिटं जातीन, म्हणून म्या तुले थांब म्हणलं.

तुही आजी