मंदूचा अळणी भात

७ डिसेंबर १९६९
उधन्याच्या भाषणाची सुरुवात जमली. "आयांनो, बापांनो, तुमचं-माझं दुखणं एकच आहे. मूल जेवत नाही. आई एक भरवते, बाप दुसरंच सांगतो, आणि दोघांच्या भांडणात मूल ताटावरून उठतं." इथे थांबायचं. मग मूळ मुद्दा: कोवळ्या पोटात तूप, तिखट, मिठाई कोंबणं हा जुलूम आहे.
शांताला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "चांगलं झालंय. मंदूच्या भातावर आज थोडं तूप घालू?"

१२ डिसेंबर
पुन्हा तोच वाद. मंदू गेल्या वर्षी हगवणीनं हातची जायची वेळ आली होती. तेव्हा मी दूध-तूप बंद केलं. मऊ भात, मुगाचं पाणी, उकडलेला बटाटा, केळं. मीठ नावापुरतं. पालेभाजी नाही, पपई नाही. हगवण थांबली. हे माझं पुस्तकी ज्ञान नव्हे, डोळ्यांदेखत घडलेलं आहे. तेच पुढे चालू ठेवलं. शां.चं म्हणणं, ते आजारातलं पथ्य होतं, आजार सरला की पथ्य सरतं. तिच्या माहेरी, रावेरला, पोरं दुसऱ्या वर्षापासून मोठ्यांच्या ताटातलं खातात, मेथी काय अन् दूध काय. मी म्हटलं, आणि किती जगतात ते मोज. बोलायला नको होतं. तिचे दोन भाऊ लहानपणीच गेले.
शेजारच्या कंचनबेननं पोंक दिला, ज्वारीचा ताजा हिरवा हुरडा. शां.नं चार दाणे मंदूच्या तळव्यावर ठेवले. मी काढून घेतले. मंदू रडली नाही. "आता ती रडतही नाही," शां. म्हणाली.

२१ डिसेंबर
उधना. लूमवाल्यांच्या चाळीपुढचं पटांगण, सगळ्या बायका खानदेशातल्या. आवाज लागला होता. शेवटी मंदूचं उदाहरण दिलं: "माझी साडेतीन वर्षांची मुलगी दिवेलागणीला भिंतीशी बसते, हात मांडीवर. हलत नाही, धुडगूस नाही. हा धाक नव्हे, हा आहार आहे." टाळ्या. अमळनेरकडच्या यमुनाबाई श्रावणातल्या भाषणापासून आपल्या मुलीला तसंच जेवू घालतात, असं त्यांनी उठून सांगितलं. आणखी सहा-सात जणींनी नावं दिली.
घरी आल्यावर शां.ला टाळ्यांचं सांगितलं.

२६ डिसेंबर
शाळेतून लवकर आलो. दाराआड शां. मंदूला पेल्यानं दूध पाजत होती. किती दिवस चाललंय विचारलं. "आजच." खरं वाटलं नाही. फार बोललो. शेवटी तिचा हात मंदूच्या डोक्यावर ठेवायला लावला आणि शपथ घ्यायला लावली, मला विचारल्याशिवाय हिच्या तोंडात काही घालणार नाही म्हणून.
व्यासपीठावर मी शपथा-नवसांची टर उडवतो. पण शां. शपथ पाळील हे मला ठाऊक होतं. म्हणून घेतली. हे इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे लिहिणार नाही.

१४ जानेवारी १९७०
उत्तरायण, इथली पतंगांची संक्रांत. दिवसभर गच्चीवर. कंचनबेननं उंधियूची भाजी आणली, मंदूला अर्थात नाही. उन्हं उतरल्यावर सगळी पोरं कटलेल्या पतंगामागे धावत होती. मंदू कठड्याला धरून उभी. हाक मारली, आली नाही. दोन पावलं टाकून परत कठड्याकडे गेली. शां. जवळ येऊन हळू म्हणाली, "अहो, हिला दिसत नाहीय." मी म्हटलं, दिवसभर उन्हात आकाशाकडे बघितलंय, डोळे दिपलेत. डोळे लाल होते हे खरं. गुलाबपाणी घातलं.

१८ जानेवारी
यमुनाबाई मुलीला घेऊन घरी आल्या. "सर, पयले लई धिंगाणा घाले. आता सांज झाली का गपचूप बसते. तुमचे उपकार." बरं वाटलं. पुढच्या भाषणासाठी टिपून घेतलं.
शां. चहा द्यायला आली तेव्हा त्या मुलीकडे बराच वेळ बघत होती.

२ फेब्रुवारी
कंचनबेन संध्याकाळी दारात येऊन उभ्या. एरवी माझ्याशी बोलायच्या नाहीत. म्हणाल्या, "भाई, छोकरीने सांजे देखातुं नथी." पोरीला संध्याकाळचं दिसत नाही. त्यांनी खेळ म्हणून तीनदा वाटी इकडून तिकडे केली होती, मंदूचा हात तिन्ही वेळा रिकाम्या जमिनीवर पडला.
बोळात नेलं. तिथे दिवा नाही, पण मला जिना दिसत होता, भिंतीवरचे पोपडे दिसत होते. तिला उभं केलं, दोन हातांवर समोर जाऊन गप्प राहिलो. तिनं हात पुढे करून चाचपलं. मग म्हणाली, "बाबा कुठे गेले?"

३ फेब्रुवारी
दवाखाना. डॉक्टर तरुण, गुजराती. रातांधळेपणा, पुष्कळ दिवसांचा. बुबुळं कोरडी पडलीत. उजव्यावर व्रण. डावा वाचेल म्हणाले, उजव्याचं आत्ता सांगता येत नाही. इंजेक्शन, तेलकट औषध, डोळ्यावर पट्टी. मुलगी काय खाते विचारलं. सांगितलं. मग विचारलं, घरात खायला नाही का? तुम्ही काय करता? शिक्षक, म्हटलं. त्यांनी मान वर केली आणि परत लिहायला लागले.
म्हणजे महिनोन्महिने ती शांत बसत नव्हती. हलायला घाबरत होती. आणि मी त्यावर टाळ्या घेतल्या.

४ फेब्रुवारी
कपाटातलं आहाराचं पुस्तक काढलं. हे सगळं त्यात आहे, दूध, हिरवा पाला, डोळे. दोन पानं पुढे बद्धकोष्ठावर माझ्या पेन्सिलीच्या खुणा. या पानावर नाहीत.
शां. म्हणाली, "मला कळत होतं. पण शपथ मोडली तर पोर जाईल असं वाटायचं. तुम्ही तर शपथा मानत नाही ना?"
मी मानत नाही.

८ फेब्रुवारी
नवीनच संकट. मंदूला तूप चालत नाही, थुंकते. मेथी बघून तोंड फिरवते. "बाबांचा भात" मागते. शां. मांडीवर घेऊन एकेक घास भरवते, गोष्टी सांगते, एक घास पोटात जायला पाव तास. मी जवळ गेलो की मंदू तोंड मिटते, माझ्याकडून परवानगी हवी असल्यासारखी. शां. म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा."
बाहेर बसलो.

११ फेब्रुवारी
आठ दिवस यमुनाबाईंकडे गेलो नव्हतो. कामाची सबब सांगत होतो, स्वतःलाच. आज गेलो. नवरा पाळीला गेलेला. त्या पोरीला भाताची पेज पाजत होत्या, मी सांगितलेली. सगळं सांगितलं, मंदूचंही. त्या चमचा हातात धरून बसल्या. "तुमीच तं सांगितलं व्हतं, सर." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. पोरीला दवाखान्यात न्यायचं तर नवऱ्याचा खाडा पडतो, बघते म्हणाल्या.
त्या नेणार नाहीत. बाकी सहा-सात जणींची घरं मला माहीतही नाहीत.

१४ फेब्रुवारी
डाव्या डोळ्याला आता संध्याकाळचं थोडं दिसतं. आज शां.च्या बांगड्या ओळखल्या. उजव्याची पट्टी मंगळवारी उघडणार.
उद्या उधन्याला भाषण. विषय महिन्यापूर्वीच जाहीर झालाय, साधा आहार. कोणी म्हणेल, बरं नाही म्हणून कळवून टाका. मीही दुपारपर्यंत तेच म्हणत होतो. शां.ला विचारलं, मंदूचं नाव घेऊन सांगू का? म्हणाली, "टाळ्यांसाठी घेतलंत तेव्हा विचारलं नव्हतंत." मग, "घ्या." तू चल म्हटलं. ती मंदूला भरवायला आत गेली.
जुने कागद बाजूला ठेवले. एवढंच बोलायचं:
"बायांनो, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझ्या मुलीचा एक डोळा त्यानं गेला असेल, राहिला असेल, अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी ज्यांची मुलं संध्याकाळी गप्प बसतात, त्यांना शहाणं म्हणू नका. रागवायचं असेल तर मला नंतर रागवा. आधी उद्या, सोमवारी सकाळी आठला, त्या मुलांना कडेवर घ्या आणि माझ्याबरोबर डोळ्यांच्या दवाखान्यात चला."