सरावाचा पेशंट

४ जानेवारी, रविवार

ही डायरी गेल्या वर्षीची. दुकानातून फुकट आलेली, कोरीच राहिली होती. छापलेले वार खोडून नवे घातले. चांगला कागद वाया का घालवायचा?

आज संकल्प केला. आपल्या भागातल्या ॲम्ब्युलन्स पथकाला स्वयंसेवक हवे आहेत, असा कागद दवाखान्याच्या भिंतीवर लावला होता. शिक्षणाची अट मॅट्रिक. मी मॅट्रिक आहे, तेही पहिल्या फटक्यात. मुलगी नोकरीसाठी लांब गेली, हे रिटायर झाले, घरात माझ्या योग्यतेचं काम उरलेलं नाही. देवाने हात दिलेत ते दुसऱ्याच्या उपयोगासाठी. सबब मंगळवारपासून लोकांचे प्राण वाचवणार.

ह्यांना सांगितलं. पेपर खाली न घेता म्हणाले, बरं.

६ जानेवारी, मंगळवार

पथक म्हणजे एक गाडी, एक गॅरेज आणि गॅरेजला लागून एक खोली. खोलीत फिनेलचा वास. इन्चार्ज बाई रिटायर्ड नर्स आहेत. कमी बोलतात. ड्रायव्हरला सगळे शिट्टी म्हणतात, कारण तो येता-जाता शीळ घालतो.

नियम असा की आधी शिकायचं, मग बाईंसमोर प्रॅक्टिकल परीक्षा. पास झालं की नारिंगी जॅकेट मिळतं आणि गाडीत बसता येतं. तोवर खोलीतली कामं. मी सांगून टाकलं की महिनाअखेर माझं जॅकेट तयार ठेवा. शिट्टी म्हणाला, काकू, साईज सांगून ठेवा. सज्जन माणूस आहे.

मला फरशी पुसायला दिली.

११ जानेवारी, रविवार

आज छाती दाबायला शिकवलं. त्यासाठी एक रबरी पुतळा आहे. कमरेच्या वरचाच. त्याला हे लोक आबा म्हणतात. गुडघे टेकायचे, कोपर ताठ ठेवायचे आणि आबांची छाती एका लयीत दाबत राहायची. लय चुकू नये म्हणून मी मनात नामस्मरण धरलं. पाठीला रग लागली तरी सोडलं नाही. बाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ताई, इतक्या सावकाश दाबलंत तर आबांना फक्त झोप लागेल. शिट्टी म्हणाला, लागलीच. सगळे हसले.

मला राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. अलीकडे मला काहीच वाटत नाही. प्रवचनात सांगतात ती स्थितप्रज्ञ अवस्था हीच असणार. इतक्या लवकर येईल अशी कल्पना नव्हती.

१४ जानेवारी, बुधवार

सराव कमी पडतोय. घरी आबा नाहीत, पण हे आहेत. दिवसभर बसूनच असतात.

पद्धत ठरवली. रोज दुपारच्या चहानंतर ह्यांनी आतल्या खोलीतल्या कॉटवर पडायचं, मी केस सांगायची, त्यांनी तसं व्हायचं. पथकातही आम्ही आळीपाळीने पेशंट होतो. आजची केस, उजवा पाय मोडला आहे. जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडल्या आणि आधाराला छत्री बांधली. बांधणी उत्तम झाली. हे बाजारातून पिशव्या घेऊन जिना चढून आलेले, त्यामुळे जोरजोरात श्वास घेत होते. मी सांगितलं, पाय मोडलेल्याचा श्वास असा नसतो. त्यांनी जमेल तेवढा कमी केला.

१९ जानेवारी, सोमवार

पथकात हातमोजे एकदा घातले की फेकून देतात. शिकवताना नुसते हातात चढवून काढलेलेसुद्धा. बघवेना. सगळे गोळा करून घरी आणले, धुतले, बाल्कनीत चिमटे लावून वाळवले, पावडर लावून आज परत डब्यात भरले. बाईंनी तो डबाच्या डबा माझ्यादेखत कचऱ्यात रिकामा केला. मी म्हटलं, अगदी स्वच्छ होते. तर म्हणाल्या, इथे स्वच्छ म्हणजे नवीन.

मुलीचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. हसली. मग विचारलं, बाबा कसे आहेत. म्हटलं, ठणठणीत. माझ्या हाताखाली आहेत.

२५ जानेवारी, रविवार

परीक्षा झाली. पुढच्या खेपेला पास होणार, असं ठरलं.

टेलर नावाने ओळखला जाणारा एक गृहस्थ माझ्याबरोबरच शिकतो. धंद्याने टेलरच आहे. आज तो पेशंट झाला होता. आधी त्याला प्रश्न विचारायचे असतात. काय होतंय, कुठे होतंय, कधीपासून, औषधं कुठली चालू आहेत, शेवटचं कधी खाल्लं. हे मला पाठ आहे. पण पाय बांधण्यात माझा हात बसलेला, म्हणून मी वेळ न दवडता थेट पाय बांधला. केस पोटात दुखण्याची निघाली. टेलर ते सांगतही होता म्हणे. पण इतक्या हळू आवाजात कोण पेशंट बोलतो? बाई म्हणाल्या, फेब्रुवारीत पुन्हा या.

टेलर पास झाला. जॅकेट त्याला ढगळ होतं. आतापर्यंत आत घेऊनही झालं असेल.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, तुमचा पाय जरा जास्तच बांधला गेला, त्याचा परिणाम. म्हणाले, माझंच चुकलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

नवा निश्चय. आता प्रश्न विचारल्याशिवाय पेशंटला हात लावायचा नाही.

आजची केस, उजवा हात वाफेने भाजला आहे. ह्यांना कॉटवर घेतलं आणि विचारलं, कुठे दुखतंय. म्हणाले, छातीत जरा जड वाटतं. मी म्हटलं, केस हाताची आहे, मधेच छाती आणू नका. म्हणाले, बरं, हात. विचारलं, कधीपासून? म्हणाले, बरेच दिवस झाले. आता वाफेने भाजलेला माणूस बरेच दिवस असा पडून राहील का? साधं ऐकून तसं व्हायचं, तेही ह्यांना जमत नाही. ऑफिसात कसं निभावलं कोण जाणे.

प्रश्न मात्र सगळे क्रमाने विचारले. माझी प्रगती चांगली आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

आज वर्गात हृदयविकाराचं शिकवलं. मी सगळं उतरवून घेतलं. छातीत दाब, डाव्या हातात कळ, जबडा, घाम, दम, मळमळ. गाडी येईपर्यंत काय करायचं तेही. पेशंटला हिंडू-फिरू द्यायचं नाही, बसतं ठेवायचं, गुंड्या सैल करायच्या, दाराची कडी काढून ठेवायची, औषधं आणि कागद जवळ ठेवायचे. माझं अक्षर पाहून बाईंनी वही सगळ्यांना फिरवून दाखवली. नापास झाले त्या दिवशीचा हिशेब फिटला.

हे पानावरून अर्धं जेवून उठले. उरलेलं मी संपवलं. पोटात वायू धरला असणार, आल्याचा रस दिला. म्हणाले, एकदा डॉक्टरला दाखवू का. म्हटलं, घरात शिकलेलं माणूस असताना डॉक्टरचं बिल कशाला?

संध्याकाळी त्यांनी माझी वही मागून घेतली. चष्मा लावून बराच वेळ वाचत होते. एक पान तर पुन्हा उलटून पाहिलं. संसार झाला सगळा, पण माझ्या हातचं लिहिलेलं त्यांनी असं कधी वाचलं नव्हतं. माझा ऊर भरून यायला हवा होता. आला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

परीक्षा पुढच्या रविवारी. आबांवर तीन जणांनंतर पाळी येते, तेवढ्याने हात काय बसणार. जिवंत माणसाची छाती कधीही दाबायची नाही असं बाईंनी बजावलं आहे. पण मी ह्यांना म्हटलं, हलक्या हाताने दाबते, नुसती जागा बघायला. हे नाही म्हणाले. कॉटवरून उठले आणि खुर्चीत जाऊन बसले. ह्यांच्या तोंडून नाही ऐकायची मला सवय नाही. घरातल्या माणसानेच साथ दिली नाही तर समाजसेवा कशी व्हायची?

उशीवर सराव केला. कापूस एका बाजूला गेला.

नंतर त्यांनी आपणहून पथकाची चौकशी केली. नंबर कुठला, गाडी किती लवकर येते, फोन कोण उचलतं. आस्था वाटली म्हणून सविस्तर सांगितलं. तू उचलतेस का, असं विचारलं. म्हटलं, मला अजून फोनला हात लावू देत नाहीत. म्हणाले, मग ठीक आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

पास!

बाई म्हणाल्या, काठावर. काठ काही असो, जॅकेट मिळालं. सुरुवातीला गाडीत नुसतं बसायचं, हात लावायचा नाही. गरज पडली तर गाडी घरून घेऊन जाईल, तयार राहा, असं सांगितलं आहे. त्यामुळे घरात जॅकेट घालूनच वावरते आहे. देवासमोर बसले तेव्हाही काढलं नाही. हे म्हणाले, शोभतंय तुला. त्यांच्या कपाळावर घाम होता. थंडीत घाम येतो म्हणजे फार कपडे घालतात. स्वेटर काढायला लावला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळ

गाडी खाली आली. मला न्यायला. बाकीचं आल्यावर लिहीन.

२४ फेब्रुवारी, दुपार, हॉस्पिटलच्या बाकावर

डायरी पर्समध्येच होती. लिहून काढते.

मी देवासमोर बसले होते. गाडीचा आवाज ऐकला, जॅकेटची चेन लावली, दोन ओळी लिहिल्या आणि बूट चढवून निघाले. पुढच्या दाराची कडी काढलेली होती. जिन्यात शिट्टी आणि टेलर स्ट्रेचर घेऊन वर येताना भेटले. मी म्हटलं, मी खाली येतच होते, वर कशाला आलात. आणि स्ट्रेचर कशाला? शिट्टी शीळ घालत नव्हता. म्हणाला, काकू, बाजूला व्हा, तुमच्याच घरी जायचंय.

हे आतल्या खोलीत कॉटवर बसले होते. भिंतीला टेकून, गुंड्या सैल केलेल्या, चष्मा आणि कागदांची पिशवी मांडीवर. फोन शेजारी. चेहरा राखेसारखा. सगळं बरोबर केलं होतं. माझ्या वहीतलं एकही सुटलं नव्हतं.

शिट्टीने त्यांना विचारलं, काका, काकू पलीकडेच होत्या, हाक का नाही मारली?

हे म्हणाले, "तिला वाटलं असतं, सराव चाललाय."

टेलर ह्यांना ऑक्सिजनचा मास्क लावायला लागला.

मग टेलरने मला प्रश्न विचारले. कधीपासून होतंय? कळ कुठवर जाते? रात्री झोप लागते का? प्रश्न मला त्याच्याआधी आठवत होते. उत्तर एकाचंही आलं नाही. ह्यांनीच मास्क बाजूला करून उत्तरं दिली. जानेवारीपासून. जबड्यापर्यंत. नाही लागत.

गाडीत मागे चढायला गेले तर शिट्टी म्हणाला, नातेवाईक पुढे. जॅकेटही काढून ठेवायला सांगितलं, हॉस्पिटलात लोकांचा गोंधळ होतो म्हणे. गाडीत बसले ती अशी.

ह्यांना आत नेलंय. वेळेवर आणलं असं डॉक्टर म्हणाले. कुणी आणलं ते मी सांगितलं नाही.

मुलीला फोन केला. रडत होती. मी तिला सगळं क्रमाने सांगितलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांना वॉर्डात हलवलं आहे. धोका टळला.

बाई भेटायला आल्या. म्हणाल्या, काही महिने पथकात येऊ नका. मी म्हटलं, मला रजेची गरज नाही, मी अगदी व्यवस्थित आहे. आत्तासुद्धा मला काहीही वाटत नाहीये. त्यांना वाटलं असेल, बाई किती धीराची. तसं काही म्हणाल्या मात्र नाहीत. स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या आणि विचारलं, "काही वाटत नाही, हे कधीपासून?"

मी आठवून पाहिलं. सांगता येईना.

बेडवरून हे म्हणाले, "मुलगी गेली तेव्हापासून. गाडी सुटली आणि ही प्लॅटफॉर्मवरून घरी आली ती तशीच."

मी म्हटलं, तुम्ही बोलू नका, दम लागेल. बाईंनी माझा हात धरला. नाडी बघत होत्या का नुसताच धरला, ते समजलं नाही. जाताना जॅकेट घेऊन गेल्या.

बाई गेल्यावर स्थितप्रज्ञतेबद्दल काही लिहायचं मनात होतं. राहू दे.

ह्यांना विचारलं, कुठे दुखतंय का. म्हणाले, कुठेच नाही. मी पेन खाली ठेवून पुन्हा विचारलं.