उलट्या लघवीचं गाऱ्हाणं

ताईस,

खंडूचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचं पथ्य (म्हणजे ते आम्हाला सांगतात ते) कसं चाललंय ते कळव. हे फोनवरही सांगितलं असतं, पण आमच्या घरात फोन स्पीकरवरच बोलायचा दंडक आहे, म्हणून पत्र.

मला सारखा थंडीताप यायचा, तो दर्यावरच्या वाऱ्याचा नव्हे. मूत्राशयातली लघवी खाली उतरायची सोडून उलटी मूत्रपिंडाकडे चढते. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. आयुष्यभर लाँचची इंजिनं उघडत आलो, त्यामुळे मला लगेच कळलं, वॉल्व गेलाय! म्हटलं, बदलून टाका. तर म्हणे सुटा भाग मिळत नाही. मूत्रपिंडाकडून येणारी नळीच कापून मूत्राशयात नव्याने तिरकी बसवायची, म्हणजे मूत्राशय भरलं की ती आपोआप दाबली जाते. नाही केलं तर डावं मूत्रपिंड जाणार (ते आत्ताच आक्रसलंय).

गावात मी कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. इंजिनाचा पार्ट आणायला कोल्हापूरला जातो, एवढंच. पण राजश्रीचा जीव राहीना. शिमग्यात तिने गुरवाच्या कानात हळूच सांगितलं, यांच्यासाठी गाऱ्हाणं घाला. गाऱ्हाणं हळू आवाजात घालत नाहीत, हे तुझी भावजय साफ विसरली. अख्खा गाव पालखीपुढे उभा, आणि गुरव नारळ धरून गरजला, "ह्या तुझ्या लेकराचं लघवीचं पानी उलटं वर चढतंय, तं सरळ वाटेनं खाली उतरव रं म्हाराजा!" आणि सारा गाव एका सुरात, "व्हय म्हाराजा!" (सगळ्यात मोठा आवाज माझ्याच लाँचवरच्या खलाशांचा.)

आता बंदरावर बायका आधी माझी चौकशी करतात, मग बांगडा कसा दिला ते विचारतात. शेजारच्या कमळाकाकू रोज कुळथाचं कढण पाजतात. आमचा खलाशी दीपक म्हणतो, उभ्यानेच झोपा, पाणी खालीच राहील. त्या मानाने ऑपरेशन बरं म्हणून होकार दिला. सोमवारी आहे. मी अजिबात घाबरलेलो नाही. तू उगाच मुंबईहून धावत येऊ नकोस.

तुझा,
खंडू

ता. क. आलीस तर राजश्रीला सोबत होईल. बिचारी फार घाबरली आहे.

ता. क. दुसरा. राजश्रीने पत्र वाचलं. ती घाबरलेली नाही म्हणते, आणि ते खरं आहे. हे मी ती आत गेल्यावर लिहितोय. भूल दिल्यावर उठलोच नाही तर, एवढंच सारखं मनात येतं, आणि तिच्यापुढे ते बोलवत नाही. ताई, तू रविवारीच ये.