फियाटचे दिवे आणि माझी इतर मिळकत

मी, रत्नमाला सुगत लोणारे, वय त्रेसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार कोहका, भिलाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध आणि समज चांगली असल्याचे डॉक्टरांनी तपासून लेखी दिले आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकायला घरात दुसरे कोणी नाही.

माझे पती सुगत इथल्या स्टील प्लांटमधून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि काही वर्षांनी वारले. मला दोन मुले आहेत. अंकुर हैदराबादला असतो, उन्नती नागपूरला. वडिलांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला भांडले, त्या दिवसापासून बहीणभाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. दिवाळीत दोघेही घरी येतात, पण एकाची गाडी सुटल्यावर दुसऱ्याची पोचेल असे बघून. घर-पैसा वाटण्यापुरताच प्रश्न असता तर वकील पुरला असता. हा कागद मी त्या दोघांसाठी लिहीत आहे.

कलम १. कोहक्याचे घर दोघांना समसमान द्यावे. ठेवावे की विकावे, हे त्यांनी ठरवावे. स्वयंपाकघराला मोठी खिडकी हवी म्हणून मी सुगतशी महिनाभर भांडले होते आणि ती मला मिळाली, त्यामुळे या घराबद्दल माझी काही तक्रार उरलेली नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते निम्मे-निम्मे. माझी इंग्रजी पुस्तके मी शिकवत होते त्या शाळेला द्यावीत. शाळेला नको असतील तर नकार लेखी घ्यावा. नाहीतर पुस्तके घेतील आणि जिन्याखाली टाकतील, मला त्यांची सवय ठाऊक आहे.

कलम ३. माझा लोखंडी तवा नणंद आम्रपालीबाई यांना द्यावा. मी लग्न होऊन आले त्या दिवशी त्या भरल्या घरात म्हणाल्या होत्या, "कॉन्व्हेंटवाली आनली सुगतनं. भाकर इंग्लिशमंधी थापते का व?" सगळे हसले. मीही हसले, कारण तेव्हा मला भाकरी येतच नव्हती. त्या तव्यावर मी ती शिकले. तवा देताना काही बोलू नये. त्यांना कळेल.

कलम ४. अंगणात उभी असलेली १९७४ची फियाट. या कलमाला जरा वेळ लागेल.

गाडी सुगतनी जुनी घेतली आणि जिवापाड जपली. दर वर्षी भीमजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीची ती पहिली गाडी असे. आदल्या संध्याकाळी दिवे तपासायचे, आणि ते काम एकट्याचे नव्हे. सुगत आत बसून ब्रेक दाबायचे, मी मागे उभी राहायची.

"रत्ना, लागला का व?"

"उजवा लागला!"

"अन् डावा?"

"डावाबी लागला! आता पाय काढा, गल्लीभर लोक पाहून राहिले."

"पाहू दे. फुकटात मिरवणूक भेटून राहिली त्याईले."

घरात मी शाळेतले मराठी बोलायची. त्या खेळात मात्र माझी भाषा त्यांच्यासारखी होत असे.

ते गेले तेव्हा गाडीचे दिवे बिघडलेलेच होते. पुण्यानुमोदनाला भंतेजी गेल्यावर अंगणात जेवणे चालू होती आणि अंकुर सहज म्हणाला की गाडी काढून टाकू. उन्नतीने हातातले ताट खाली ठेवले.

"दादा, बाबाले जाऊन किती दिवस झाले रे? अन् तू गाडी विकून राहिला?"

"विकून नाही राहिलो, आईले विचारून राहिलो. अरे यार, कबाड़ है वो. लाइट भी नहीं जलती. कोन चालवनार हाय?"

"तुले काय मालूम इथं कोन काय करते! तू येतं कधी?"

"तू तर रोज येतं ना नागपूरहून!"

आणि मग, पाहुण्यांसमोर, बाबांच्या आजारपणात कोण किती वेळा आले याची उजळणी झाली. मी मध्ये पडले नाही. मला वाटले, दमतील आणि जेवतील. दोघेही न जेवता निघाले.

गाडी कबाड आहे की नाही, ते मग मीच पाहायचे ठरवले. ब्रेक दाबला की डावा लाल दिवा लागत नसे, त्याऐवजी बाजूचा पिवळा इंडिकेटर मिणमिणे. पावर हाउस बाजारातल्या मेकॅनिकने बल्ब बदलला, फ्यूज घासला आणि म्हणाला, "दीदी, पूरी वायरिंग गल गई है." मी त्याला चहा देऊन परत पाठवले. वायर कुजली असती तर इंडिकेटर तरी कसा मिणमिणला असता? वीज दिव्यापर्यंत येत होती. तिला बॅटरीकडे परत जायला वाट मिळत नव्हती, म्हणून ती शेजारच्या दिव्यातून वाट काढत होती. नववीत कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी फळ्यावर काढलेले विजेचे वर्तुळ एवढे उशिरा कामाला आले.

खात्री करायला बॅटरीच्या वजा टोकापासून एक लांब वायर मागच्या दिव्याच्या पत्र्याला लावून पाहायची होती. पण ब्रेक कोण दाबणार? मी सुगतची काठी सीट आणि पेडल यांच्यात घट्ट अडकवली, मागे गेले आणि वायर टेकवली. दिवा लालभडक लागला. "लागला!" मी ओरडले. आतून कोणी काही विचारले नाही. शेजारच्या सुखरामजींनी तेवढे भिंतीवरून डोकावून काय झाले ते विचारले, "का होगे, दीदी?"

दिव्याची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा बोल्ट मी खोलला, तर आत लाल रंग. जन्मभर प्लांटमध्ये गंजाशी लढलेला माणूस. उघडे लोखंड दिसले की हात ब्रशकडे जायचा. शेवटच्या जयंतीनंतर सुगतनी प्रत्येक जोडाचा बोल्ट सैल करून त्याच्या खालीसुद्धा रेड ऑक्साइड भरला होता. गंज येऊ नये म्हणून इतक्या मायेने रंगवले की वीजही अडली. मी सँडपेपरने तेवढी जागा पांढरी होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावले. तो दिवा आता लागतो.

पुढचा उजवा हेडलाइट अजून मंद आहे आणि नंबरप्लेटचा दिवा बंद आहे. दोन्हीकडे तोच लाल रंग असणार. मला आता गाडीखाली वाकवत नाही.

म्हणून अशी व्यवस्था करते की ही गाडी, पान्यांच्या पेटीसह, अंकुर आणि उन्नती यांना एकत्र मिळावी, पण पुढील अटीवर. दोघांनी एका संध्याकाळी या अंगणात यावे, ते दोन जोड घासावेत आणि गाडीचा प्रत्येक दिवा तपासावा. एकाने आत बसावे, दुसऱ्याने बाहेर उभे राहून तोंडाने सांगावे. फोनवरचा व्हिडिओ चालणार नाही. काठी लावलेली चालणार नाही. त्यानंतर गाडी विकली तरी माझी हरकत नाही. अंकुरचे बरोबर आहे, ती रोज चालवायची गाडी नव्हे. उन्नतीचेही बरोबर आहे, त्या दिवशी ते विचारायला नको होते.

माझ्या मृत्यूनंतर वर्षभरात हे झाले नाही, तर गाडी हथखोजच्या भंगारवाल्याला वजनावर द्यावी, आणि ती वजनकाट्यावर चढताना दोघांनीही हजर राहावे.

कलम ५. मृत्युपत्र मृत्यूनंतर लागू होते, हे मला ठाऊक आहे. कलम ४ मात्र त्याला अपवाद आहे. या कागदाची एकेक प्रत मी आजच हैदराबादला आणि नागपूरला पाठवत आहे. त्या कलमासाठी मी मरायची वाट पाहण्याची गरज नाही. बॅटरी चार्ज केलेली आहे. कोणत्याही रविवारी या, मी घरीच असते.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला, मला तो मान्य आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी सही केली. त्यांनीही माझ्या देखत केली. या दोघांना यातले काही मिळणार नाही, आज त्यांना पोहे मिळाले.

सही: रत्नमाला सुगत लोणारे

साक्षीदार:
१. सुखराम साहू, शेजारी, कोहका
२. वंदना रामटेके, निवृत्त शिक्षिका, भिलाई

स्थळ: कोहका, भिलाई
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४