फ्रान्समधली गेरू-चुन्याची झाडं

गुरुजी, तुम्ही शिकवलेलं रान मला शेवटी दिसलं. ते फ्रान्समध्ये निघालं.

तुम्हाला याचं फारसं नवल वाटणार नाही बहुधा. जामखेडकडच्या आपल्या त्या गावात ओढ्याला वर्षातून आठ-पंधरा दिवस पाणी यायचं आणि सावली म्हणजे बाभळीची, तीही भोकाभोकांची. तिथं तुम्ही आम्हाला दाट झाडी, निवांत तळी आणि तळ्यात उतरलेलं आभाळ असल्या कविता पाठ करायला लावल्यात. शनिवारी सकाळची शाळा असायची. प्रार्थना झाली की तुम्ही पुस्तक टेबलावर उपडं ठेवायचात आणि सगळा वर्ग एका रांगेत पाझर तलावाकडे निघायचा. बसून पाठ केलेली कविता बसूनच राहते, असं तुमचं म्हणणं. पुढच्यानं ओळ म्हणायची, ती मागच्यानं उचलायची, अशी ती शेवटापर्यंत सरकत यायची, तोवर पुढून दुसरी निघालेली. जो अडखळेल त्यानं शेवटी जायचं. तुम्ही स्वतः सगळ्यांच्या मागं चालायचात, धोतराचा सोगा हातात धरून, त्यामुळे शिक्षा झालेला पोरगा आपोआप तुमच्या शेजारी येऊन पोचायचा. मी क्वचितच मागं आलो. पण एकदा आलो तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, एवढं पाणी खरंच असतं का हो कुठं. वर्गात तुम्ही पुस्तकातलं बोलायचात, वाटेवर मात्र गावचं. "असंल की," तुम्ही म्हणालात, "आपल्याकडं न्हाई म्हनून जगात नसंल व्हय? लिव्हनारा काय येडा हाय?" त्या वर्षी तलावाला भेगा पडल्या होत्या. त्या भेगांच्या काठावर उभं राहून आम्ही कमळांची कविता म्हटली आणि परत आलो.

पुढं नोकरीत काही वर्षं माझी बदली अकोले तालुक्यात होती, भंडारदऱ्याच्या बाजूला. तुम्ही गेल्याचं मला तिथंच कळलं. रान तिथंही होतं, पाणी तर विचारूच नका. पण ते सगळं उभं, अंगावर येणारं. पावसाळ्यात डोंगर दिसेनासे व्हायचे आणि ओढे माणसाला ओढून न्यायचे. कवितेतलं पाणी असं ओरडत नव्हतं. ते कुठंतरी वेगळं असणार, असं मी धरून चाललो होतो, आणि हळूहळू तेही विसरून गेलो.

आता मी नगरला सावेडीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर, एकटा. बायको जाऊन तीन वर्षं होतील. लेक फ्रान्समध्ये असते, तिचा नवरा तिकडचाच आहे. गेल्या थंडीत एक दिवस मी मेथीची जुडी घेऊन रिक्षात बसलो आणि रिक्षावाल्याला तोफखाना भागातल्या आमच्या जुन्या घराचा पत्ता सांगितला. ते भाड्याचं घर आम्ही सोडलं तेव्हा लेक चौथीत होती. जिना चढून मी दार वाजवलं. एका अनोळखी बाईनं उघडलं आणि कोण पाहिजे आजोबा, असं विचारलं. मला सांगता येईना. तिनं पाणी दिलं, खाली येऊन दुसरी रिक्षा करून दिली, मी घरी आलो. हे मी शेजाऱ्यांना गंमत म्हणून सांगितलं. त्यांनी ते लेकीला काळजी म्हणून कळवलं.

लेकीनं फोनवर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. जूनमध्ये या, म्हणाली, आपण चार-पाच दिवस खेड्यापाड्यांतून पायी हिंडू, तुम्हाला आवडेल. मी तुमच्या हाताखालून गेलेला माणूस, परीक्षा कधी आहे एवढं मला कळतं. पहिल्या मुक्कामी सूप पिताना तिनं ते बोलूनही दाखवलं. तुम्ही एकटे राहू शकता की नाही, ते मला जवळून बघायचं आहे, म्हणाली. नसाल राहू शकत तर इथंच राहा, तिथला फ्लॅट काढून टाकू, कागदांचं मी बघते. मी म्हटलं, मला काय झालंय? त्यावर ती चमचा खाली ठेवून म्हणाली, "बाबा, रोज सकाळी फोनची रिंग वाजत असते ना, तुम्ही उचलेपर्यंत मी श्वास घेत नाही." मी सूप पीत राहिलो. तिचं चुकत होतं असं नाही. पण तिच्या घरी मराठी बोलायला ती एकटीच, आणि तीही संध्याकाळी सातनंतर. सावेडीत सकाळी फिरायला गेलं की चार म्हातारे भेटतात, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी होते, कुणीतरी शाळेतली एखादी ओळ अर्धी सोडतो आणि दुसरा ती पुरी करतो. एवढ्यासाठी माणसानं फ्लॅट ठेवावा का, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

चालणं मात्र तुम्हाला आवडलं असतं. तो देशाच्या मधला भाग, जमीन किंचित वर जाते, किंचित खाली येते, दम लागण्याआधीच उतार लागतो. गव्हाची शेतं पिवळी पडायला आलेली, मग झाडी, ओक आणि चेस्टनटची. आत शिरलं की पायाखाली जुन्या पानांचा थर आणि वर सगळं हिरवं. झाडी संपली की तळं. जुन्या काळी मठातल्या साधूंनी माशांसाठी बांध घालून ती तळी केली म्हणे. तळ्यापलीकडे गाव, दगडी घरांचं, मधे चर्च. ते चर्च आपल्या नगरच्या किल्ल्याहून जुनं आहे, असं लेकीनं सांगितलं. (नगरचं नाव आता बदललंय, गुरुजी. जिभेवर अजून जुनंच येतं. हे माझ्या एकट्याचं नाही, सगळ्यांचंच होतं, म्हणून मी ते परीक्षेत धरत नाही.) एका गावात बायकांनी धुणं धुवायची जुनी जागा होती, दगडी कठडे, वर कौलारू छप्पर, खालून झऱ्याचं पाणी वाहतंय. आता तिथं कुणी धूत नाही, तरी पाणी चालूच आहे. रात्री जेवणं उरकली तरी बाहेर ऊन असायचं. मी खिडकीत बसून बघायचो आणि मला कोणत्याही गोष्टीची घाई वाटत नव्हती.

जावई बोलायला कमी, हसायला बरा. त्याला मराठीतले आठ-दहा शब्द येतात, चला, बास, नको, पाणी, असे. तो माझी पिशवी उचलायचा, मला संकोच व्हायचा. आपल्याकडं जावयानं सासऱ्याचं ओझं वाहिलं असतं तर अख्ख्या आळीला महिनाभर विषय झाला असता. मी पिशवी ओढायचो, तो "बास, बास" म्हणत पुढं व्हायचा. लेक म्हणायची, वाहू द्या हो त्याला, नाहीतरी लग्नात माहेरून आलेल्या एका पैठणीशिवाय दुसरं कसलं ओझं त्यानं कधी उचललेलं नाही.

त्या वाटांवर चालणाऱ्यांना खूण म्हणून मधूनमधून झाडांच्या खोडावर रंगाचे पट्टे असतात, वर पांढरा, खाली लाल. पहिला पट्टा दिसला तेव्हा मला फार बरं वाटलं. आपल्या नगर-जामखेड रस्त्याला चिंचांच्या आणि कडुलिंबांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना फासलेला असायचा, आठवतं ना? एसटीच्या दिव्यात ती झाडं एकापाठोपाठ एक उजळायची. फ्रान्समध्येही कुणीतरी डबा आणि कुंचला घेऊन फिरतंय, हे बघून परकेपणा गेला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी लेकीच्या टाचेला फोड आला. धुण्याच्या त्या जागेपाशी ती बसली आणि जावई पट्टी लावू लागला. मी म्हटलं, मी हळूहळू पुढं होतो. तिनं जावयाकडे पाहिलं. मग म्हणाली, जा, पण रंग बघत जा. तिनं मला जाऊ दिलं, याचा अर्थ मला कळला, परीक्षा सुरू झाली होती. झाडीत शिरल्यावर पायांना एक ठेका सापडला आणि तळ्याची कविता आपसूक सुरू झाली. सगळी आली, गुरुजी, एकही कडवं मागं राहिलं नाही. पुढं वाट फुटली. डाव्या वाटेच्या तोंडाशी खोडावर लाल-पांढरी फुली होती. ती मी नीट पाहिली. गेरू आहे, चुना आहे, म्हणजे रस्ता आहे. रंगाऱ्याचा हात घाईत तिरका गेला असेल, असं मनात आलं आणि मी डावीकडे वळलो.

आणि तिथं ते तळं होतं. झाडी एकदम बाजूला झाली, पाणी हलत नव्हतं, कडेला पांढरी कमळं, आणि मधोमध आभाळ, ढगांसकट. मी काठावर उभा राहिलो, हात जोडले की काय केलं आठवत नाही, आणि मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यापाशी कुणीतरी "शूऽ" केलं. लव्हाळ्यामागे एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि पाण्याकडे हात केला. त्याचे मासे पळत होते. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या तळ्याला कविता ऐकवली आणि मला गप्प बसवण्यात आलं. मी गप्प बसलो. त्यानं सरकून फळीवर जागा दिली, चाकूनं पाव कापून दिला. मी हळूच विचारलं, गाव कोणतं तुमचं? त्यानंही हळूच काहीतरी उत्तर दिलं. बराच वेळ आम्ही तसे बसलो होतो. मी वाट चुकलोय हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

लेक धापा टाकत आली, एका पायात बूट, दुसरा हातात. मागून जावई. ती एवढंच म्हणाली, "बाबा, तिथं फुली होती."

"होती की."

"मग तरी?"

मी तिला सांगितलं, आपल्याकडं रस्त्याच्या झाडांना असाच रंग असतो, मी म्हटलं इकडूनच रस्ता. तिनं हातातला बूट खाली टाकला. मग खाली बसली आणि हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. गेरू-चुना, म्हणाली, अगं बाई, खरंच की, मी एसटीच्या खिडकीतून ती झाडं बघत यायचे. तिनं ते म्हाताऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलं, तोही मासे विसरून हसला. त्या संध्याकाळी ती म्हणाली की तिनं उगीच जीव घाबरा केला होता, जामखेडचा कुठलाही माणूस तिथं डावीकडेच वळला असता. तुम्ही सावेडीलाच राहा, दिवाळीत मी येते. मी पास झालो.

विमानतळावर ती काउंटरवर बोलत होती, तेव्हा जावई माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्यानं दोन्ही हात छातीपुढे धरून त्यांची फुली केली. मला काही समजेना. मग तो घोकून आणलेला एकेक शब्द आठवत बोलला. "पहिला दिवस. झाड. मी असं. तुम्ही पण असं." आणि पुन्हा हातांची फुली करून, "नको. नको जायचं." मला कळलं ते असं की पहिल्या सकाळी, लेक मागं राहिली असताना, त्यानं मला झाडावरच्या फुलीचा अर्थ हातांनी समजावून सांगितला होता, मीही हात तसेच करून दाखवले होते आणि आम्ही दोघं हसलो होतो. मी आठवून बघितलं. ती सकाळ आठवते, दव आठवतं, त्याच्या बुटांचा रंगही आठवतो. हे आठवत नाही. मी तसं मान हलवून सांगितलं. त्यानं लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही सांगा," म्हणाला. "मी नाही." आणि माझी पिशवी उचलून चालू लागला.

तळ्यापाशी मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच तसं वाटलं होतं. पण गेरू-चुन्याच्या ज्या कारणावर विश्वास ठेवून लेकीनं मला इथं परत येऊ दिलं, ते पुरेसं नव्हतं, हे आता मला माहीत आहे, आणि तिच्या नवऱ्याला माहीत आहे. त्यानं अजून शब्द पाळलाय. मी सांगितलं तर फ्लॅट जाईल, सकाळचे चार म्हातारे जातील. नाही सांगितलं तर ती तिकडं रिंग वाजताना श्वास घेईल, निर्धास्त, आणि एखाद्या दिवशी मी भलत्याच दारापाशी उभा असेन. म्हणून आधी तुम्हाला लिहून पाहिलं. हे पत्र टाकायचं कुठं हा प्रश्न नाही. ते कपाटातल्या बायकोच्या साड्यांखाली राहील.

लेक रविवारी जरा निवांत बोलते. येत्या रविवारी तिला सगळं सांगायचं असं मी ठरवलंय. मागच्या रविवारीही हेच ठरवलं होतं, असं वाटतं. सांगितलं की नाही, ते मात्र नक्की सांगता येत नाही, गुरुजी.