साडेसहा किलोंचं पायमशीन

शनिवार, १ मार्च. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. बायकोला, मीनलला तर नाहीच.

प्रॉब्लेम: आईला श्टुटगार्टमध्ये करमत नाही. येऊन दहा दिवस झाले. बाबा गेल्यापासून सांगलीत एकटी राहते, म्हणून हट्टाने आणली. परतीचं तिकीट १८ मेचं आहे. काल जेवताना हळूच म्हणाली, मी जरा लवकर गेले तर चालेल का रे. नाही चालणार! इथे रमली तर दरवर्षी येईल. आता कंटाळून गेली तर पुन्हा पाऊल टाकणार नाही. मी ओळखतो तिला.

सोल्युशन: शिवणकाम. चाळीस वर्षं तिने लोकांची ब्लाउजं शिवली, त्यावर मी इंजिनिअर झालो. मशीनवर बसवली की झालं.

संध्याकाळी ६. फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, जुनं मशीन मिळालं. काळंभोर, सोनेरी वेलबुट्टी, नव्वद वर्षांचं. आईने माझ्या जुन्या बनियनने पुसलं, तेल घातलं, चाक फिरवून बघितलं आणि चक्क हसली. मग म्हणाली, पण पाय कुठे मारायचे? विजेची मोटर नको म्हणते, ती अंगावर धावून येते.

रविवार, २ मार्च.
मित्राचा, देवदत्तचा फोन. त्याच्या गल्लीत कुणीतरी पायमशीनचं बिडाचं स्टँड फुकट देतंय. चौतीस किलो. म्हणाला, माझ्या गाडीत टाकू, दोघं मिळून अर्ध्या तासात वर चढवू.

स्पष्ट नाही म्हणालो. चौथा मजला, लिफ्ट नाही, हे एक. दुसरं म्हणजे मी चौदा वर्षं लाइटवेट डिपार्टमेंटला आहे. कारच्या सीटमधून नऊशे ग्रॅम काढले तेव्हा बॉसने स्वतः हात मिळवला होता. मी बीड उचलू? या काळात?

मीच बनवणार. बर्च प्लायवूड, फोल्डिंग, सात किलोंच्या आत. आईला बाल्कनीत नेता येईल, पार्कात नेता येईल. दोन वीकेंड पुरे. आईला सांगितलं. ती म्हणाली, कशाला जिवाला त्रास करून घेतोस. बघच म्हणालो.

शुक्रवार, ७ मार्च.
कॅड मॉडेल सुरू. लोक आधी करवत उचलतात, तिथेच चुकतात. आई चपला घालून दारात उभी होती, फिरायला येतोस का विचारत होती. पेडलचा अँगल सुटत नव्हता, उद्या जाऊ म्हटलं. मीनल गेली तिच्याबरोबर.

शनिवार, १५ मार्च.
एक वीकेंड कॅडमध्ये गेला, तो मोजायचा नाही. आज केलरमध्ये, म्हणजे तळघरात, प्रत्यक्ष कटिंग. दुपारी खालच्या फ्राउ श्वेर्टलेंनी दारावर त्सेटेल, म्हणजे चिठ्ठी, चिकटवली: शांततेच्या वेळेत करवत चालवू नये, आणि या आठवड्यात केरवोखं, म्हणजे जिना झाडायची पाळी, तुमची असून जिन्यात भुसा आहे. मी वर येईपर्यंत आईने चारही मजले झाडून काढले होते. फ्राउ श्वेर्टले तिच्यावर बेहद्द खूश. म्हणजे प्रोजेक्टमुळे आईची ओळख वाढली. गेनाऊ, अगदी हेच हवं होतं.

रविवार, २३ मार्च.
असेंब्ली पूर्ण. ६.२ किलो!! देवदत्तला काट्याचा फोटो पाठवला. त्याने नुसती अंगठ्याची इमोजी पाठवली. जळतो.

आईला बसवलं. तिचे पाय पेडलला पोचेनात. मी आमच्या कंपनीतलं स्टँडर्ड मॉडेल वापरलं होतं: स्त्री, उंची एक मीटर पासष्ट. आई चार फूट नऊ इंच. मीनल म्हणाली, अरे, आई शेजारच्या खोलीत बसल्यात, टेप घेऊन मोजायचं ना. तिला स्टँडर्ड म्हणजे काय ते समजावलं. ती उठून गेली.

रविवार, ३० मार्च. पाडवा.
रविवारी ड्रिल मारता येत नाही, त्यामुळे पूर्ण दिवस कुटुंबाला द्यायचं ठरवलं होतं. नवीन पेडलचा ग्लू वाळला का, एवढंच बघायला दहा मिनिटं खाली गेलो. वर आलो तर गुढी उभारून झालेली, नैवेद्य दाखवून झालेला. गुढीच्या खणाचा काठ आईने हाताने शिवला होता. सांगलीचे सगळे फोनवर. चारुदत्त कुठे म्हणून विचारलं की अन्वी प्रत्येकाला जर्मनमधून सांगत होती, पापा केलरमध्ये असतो. नऊ वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं, पण बोलायचं म्हणून नाही. आईने सावरून घेतलं: माझ्यासाठीच राबतोय तो. अभिमानाने म्हणाली असावी.

शनिवार, ५ एप्रिल.
पाय पोचले. चार टाके सुरेख. पाचव्याला कापडाची घडी आली, सुई अडकली, चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. असं सतरा वेळा. आई म्हणाली, चाक हलकं आहे रे, बिडाचं चाक जड असतं, ते आपोआप ओढून नेतं. हे मला माहीत होतंच. अन्वीच्या जुन्या सायकलचं चाक काढलं, टायरमध्ये पाणी भरतो.

शनिवार, १२ एप्रिल.
चाक सुंदर ओढतंय. आता स्टँड चालतं. म्हणजे काम करतं असं नव्हे, अक्षरशः चालतं! आईने पाय मारायला सुरुवात केली ती सोफ्यापासून, आणि टीप संपली तेव्हा मशीन हीटरपाशी. आई खुर्ची सरकवत मागोमाग. अन्वी हसून हसून जमिनीवर लोळली. आईही डोळे पुसत होती. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. आल्झो, म्हणजे व्हायब्रेशनचा सीरियस विषय आहे.

मग आई म्हणाली, राहू दे बाळा, मी हाताने शिवते की. बघितलं तर घरातल्या सगळ्या पडद्यांना तिने हाताने दुमड घातलीय. कधी? जिवाला फार लागलं. माझ्या घरात, माझ्या आईने, हाताने टाके घालायचे? मग मी कशाला आहे?

गुरुवार, १७ एप्रिल.
मंगळवारपासून तीन दिवस रजा टाकलीय. पुढे ईस्टरचे चार. सात दिवसांत नाही जमलं तर नाव बदलीन.

दुपारी आई चहा घेऊन केलरमध्ये आली. चार मजले उतरून. पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटवर बसली आणि बाबांचं सांगायला लागली. लग्नानंतर बाबांनी तिला पहिलं मशीन कसं घेतलं, त्यावरून आजोबांशी कसं भांडण झालं. मी हे कधी ऐकलं नव्हतं. पण नेमकं तेव्हा बेअरिंगचं भोक पाडायचं होतं. आई, मिलिमीटर चुकेल ग, असं म्हणालो. शिवाय खाली गारठा, तिचे गुडघे. वर पाठवलं तिला. तिच्या काळजीनेच.

शुक्रवार, १८ एप्रिल.
आई आज परत आली. परत पाठवलं.

मंगळवार, २२ एप्रिल.
सात दिवस संपले. नाव तेच आहे. सहज, केवळ रेफरन्स म्हणून देवदत्तला विचारलं, ते बिडाचं स्टँड आहे का अजून? गेलं. कुणी तरी वर काच टाकून बागेतलं टेबल केलं. टेबल! लोकांना किंमत नाही.

शनिवार, २६ एप्रिल.
ब्रेकथ्रू. खाली फरशा बसवायच्या. दोन फरशा, अकरा-अकरा किलो, वर कणकेचं दहा किलोंचं पोतं. स्टँड जागचं हलत नाही. एकूण वजन ३८.५. अर्थात हे वजन धरायचं नसतं, काढता येतं ते. बेस साडेसहाचाच आहे. मीनलने विचारलं, बिडाचं किती होतं रे? मी ऐकलं नाही असं दाखवलं.

गुरुवार, १ मे. सुट्टी.
आई रविवारी जातेय. या रविवारी. चार तारखेला.

मीनलने सकाळी सांगितलं. आईने दहा दिवसांपूर्वीच तिच्याकडून तिकीट बदलून घेतलं होतं, वर बजावलं होतं की चारूला सांगू नकोस, त्याच्या कामात व्यत्यय येईल. दहा दिवस! मी कुठे होतो? देवा. चहा सांडला. मीनलला म्हणालो, तू थांबवायचंस ना. ती म्हणाली, मी रोज थांबवतच होते, तू एकदा तरी वर यायचंस.

हरकत नाही. तीन दिवस आहेत. फक्त पट्टा सरकतोय, बाकी सगळं ओके. चाललेलं मशीन बघितलं की आई तिकीट परत बदलेल. बदलेलच. बदलायलाच हवं.

शनिवार, ३ मे. दुपारी ४.
चाललं!! फरशा, कणीक, बेस, मशीन, सगळं पाच खेपांत चौथ्या मजल्यावर चढवलं. कंबर गेली. आई बसली, अन्वीच्या रुमालाला एक टीप मारली, सरळ, न अडकता, न चालता. म्हणाली, छान झालंय हो. मी म्हटलं, अजून शिव, उशीचे अभ्रे शिव, काहीही शिव. ती म्हणाली, अरे, बॅग भरायची राहिलीय. आणि उठली. एक टीप. नऊ आठवडे, एक टीप.

बस जरा माझ्याजवळ, म्हणाली. बसणारच होतो. पट्टा घट्ट करून आलो तोवर तिचा डोळा लागला होता.

रविवार, ४ मे.
आईला सोडून आलो. विमानतळावर तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, वाळलायस. पुढच्या वर्षी मशीन अजून भारी असेल, मी म्हणालो. ती म्हणाली, बघू. पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो. मग पार्किंगची वेळ संपत आली म्हणून निघालो.

शनिवार, १० मे.
मशीन हॉलमध्ये आहे. आमच्यात कुणाला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. मीनलने त्यावर कुंडी ठेवलीय.

आज आईशी पाऊण तास बोललो. मजेत आहे. आपणहून म्हणाली, आता मी काही यायची नाही रे, गुडघे दुखतात, पण तू ये. चार दिवस ये. हातात काही न घेता ये. नुसता बस. मग विचारलं, कधी येतोस, तारीख सांग, मी पुरणाची डाळ आणून ठेवते.

सांगणार होतो, पुढच्याच महिन्यात येतो. खरंच तेच सांगणार होतो. पण तोंडातून निघालं की आई, फरशा काढल्या तर बेस साडेसहा किलोंचाच आहे, फोल्ड होतो, केबिन बॅगेजमध्ये बसतो, तुझं सांगलीतलं ते जुनं बिडाचं धूड काढून टाकू, मी येतानाच घेऊन येतो.

आई म्हणाली, बरं. ठेवते आता, भाजी फोडणीला टाकायचीय.

तारीख तिने पुन्हा विचारली नाही.