तीस दिवसांच्या आत

१४ नोव्हेंबर, गुरुवार
जेवणाची सुट्टी

ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, छोटीला मामाकडून एक टपली. हे पत्र मी तीन आठवडे लिहितोय, म्हणजे लिहीत नाहीये. पेन होतं तर कागद नव्हता, कागद मिळाला तर त्यावर खोलीतल्या कडकनी सामानाची यादी केली. खरं म्हणजे टाळत होतो. फोन करता आला असता, पण माझा आता फोनवर भरवसा नाही. का, ते सांगतो.

मी बरा आहे. तंबू ठोकायचं काम सोडलं. मग पंधरा दिवस बोटींना रंग दिला, कानात अजून निळा आहे. आता दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत लागलोय. आलेली गाठोडी सोडायची, चादर झटकायची, मग यंत्रात. झटकताना काय काय निघतं! परवा दातांची कवळी निघाली. मालक म्हणाले, धुऊन परत पाठव, इस्त्री मात्र करू नकोस. दिवसभर हसलो. पण हे सांगायचं नव्हतं.

सांगायचं ते असं की, मी माझं ते फोटो टाकायचं खातं कायमचं बंद करतोय. करतोय म्हणजे होत नाहीये. नियम असा आहे की डिलीट म्हटलं तरी तीस दिवस ते ठेवून घेतात. तेवढ्यात कोणी आत शिरलं, की खातं पुन्हा जिवंत. मी दोनदा डिलीट केलं आणि दोन्ही वेळा कोणीतरी आत शिरलं. मला कळलं ते घड्या घालणाऱ्या बाईंकडून. त्या म्हणाल्या, काय रे, गेला होतास ना, परत कसा दिसायला लागलास? पहिल्यांदा वाटलं, माझाच अंगठा लागला असेल. म्हणून पासवर्ड बदलला आणि पुन्हा केलं. नवव्या दिवशी परत तेच.

आता तूच सांग, संशय येणार नाही का?

पहिला संशय कडकवर. कडक म्हणजे इस्त्रीवाले काका, माझ्या खोलीत राहतात. माणूस नावासारखाच, बसले तरी घडी मोडत नाही. मी अंघोळीला गेलो की माझा फोन जागचा हलायचा. मग मी युक्ती केली, फोनवर एक केस ठेवला. आलो तर केस गायब. चांगलाच धरला त्यांना. ते म्हणाले, माझा चष्मा खाटेखाली गेला होता, तुझ्या फोनचा दिवा लावून शोधला. चष्म्याला जळमट लागलं होतं, म्हणजे खरंच असावं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तरी मी फोन उशीच्या अभ्र्यात घालून झोपतो.

मग संशय मालकांवर गेला, मग घड्यावाल्या बाईंवर, कारण त्यांना माझी इतकी खबर कशाला? रस्त्यात कोणी दोनदा बघितलं तरी मी गल्ली बदलतो.

आणि मग, रागावू नकोस, तुझ्यावर गेला. गेल्या खेपेला फोनवर तू विचारलंस, ‘तो व्हिडिओ आहे ना अजून?’ मी विषय बदलला, पत्ता दिला, चादरींचं सांगितलं. ठेवताना तू पुन्हा तेच विचारलंस. ताई, तुला काय करायचं होतं त्याचं?

इथवर लिहून मी उठलो आणि उगाच पाणी पिऊन आलो.

तू म्हणशील, एक व्हिडिओ काढून टाकायला सगळं खातं कशाला? एकटा तोही काढता येतो, मला येतं. दहा वेळा बोट नेलं असेल. पण तेवढाच काढला की मी काय करतोय ते मला स्वच्छ दिसतं. सगळंच गेलं तर साफसफाई केल्यासारखं वाटतं. बोटी, तंबू, तुझ्या लग्नातला माझा तो भयंकर कोट, सगळ्याबरोबर तेही गेलं.

दोन मिनिटांचा तर आहे. बाबांची पावाची गाडी, बाबा शेजारच्या सीटवर मांडीवर ट्रे घेऊन गाणं म्हणतायत आणि फोन समोर टेकवलाय. स्टिअरिंगवर दोन हात दिसतात. ते बाबांचे नाहीत. मी तो तिथूनच टाकला आणि तू लगेच पाहिलास. त्यानंतर दहा मिनिटांनी तो सायकलवरचा शिंपी समोर आला. लोक जमायच्या आत बाबा म्हणाले, ‘सरक इकडे, तुझ्याकडे लायसन्स नाही.’ मी सरकलो. संध्याकाळी तो व्हिडिओ कोणाला दिसणार नाही असा करून ठेवला आणि महिन्याभरात घरातून निघालो.

शिंप्याचा उजवा हात अजून वर जात नाही, हे तूच सांगितलंस. आई बाबांशी धड बोलत नाही, हेही. ‘एवढी वर्षं गाडी चालवता आणि माणूस दिसत नाही?’ असं ती त्यांना जेवताना म्हणते आणि ते मान खाली घालून जेवतात. वीस डिसेंबरला बाबांच्या खटल्याचा निकाल आहे. लायसन्स तर जाणारच, आत जावं लागलं तर काय, ते कोणी बोलत नाही. गेल्या शुक्रवारी मी तिसऱ्यांदा डिलीट दाबलं. या खेपेला मध्ये कोणी आलं नाही तर निकालाआधी सगळं नाहीसं होईल. म्हणून विचारतो, सरळ उत्तर दे. माझ्या खात्यात शिरणारी तू आहेस का? असशील तर कोणाच्या बाजूने?

थांब, कडक जिना चढून वर आलेत.

ताई, आई आली आहे. एकटी. कधी बाजाराच्या पुढे एकटी न गेलेली आई खाली न धुतलेल्या गाठोड्यावर बसली आहे, मला खिडकीतून तिची पिशवी आणि पावलं दिसतायत. कडकनी तिला पाणी दिलं. त्यांनीच निरोप आणला: ‘तुझी आई म्हणते, ते खातं परत आणायचं बटण मीच दाबत होते. दोनदा दाबलं. तिसऱ्यांदा संदेश आला तेव्हा दाबलं नाही, निघाले.’

खातं तिच्याच फोनवरून उघडलं होतं, मी विसरूनच गेलो होतो. डिलीट केलं की तिच्याकडे संदेश जातो, हे तुम्ही केलं नसेल तर इथे दाबा. तिला वाटलं असणार मला कोणी पुसून टाकतंय. आणि दाबलं की सगळं उघडतं, लपवलेलं सुद्धा. तिने बाबांना गाताना पाहिलं असेल. आणि ते हात. ते हात ती ओळखणार नाही असं कसं होईल?

मी कडकना विचारलं, रडते आहे का? म्हणाले, नाही. रागावली आहे का? म्हणाले, ते मला कळलं नाही, पण चप्पल घालून ये म्हणते, परतीची गाडी साडेचारची आहे.

पत्ता तूच दिलास, दुसऱ्या कोणाकडे नव्हताच. त्यावरून भांडायचं असेल तर आता तुझ्या घरी येऊन भांडेन. सव्वातीन झालेत. जातो खाली.

त्या दिवशी गाडी चालवत होता तो,
तुझा धाकटा